गल्लीभराची कागदपत्रं सांभाळणारा संगणक

बीड, अंबाजोगाई, माजलगाव किंवा परळीत ज्या घरी संगणक असतो, तो सहसा एकट्या त्या घराचा राहत नाही. जुलै उजाडला की भावकीतलं कुणीतरी सातबारा आणि पासबुक घेऊन पीकविम्याचा अर्ज भरायला येतं. निकाल लागले की प्रवेशाचे अर्ज, मग महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती, मग जात पडताळणी. दसऱ्यानंतर मायबाप ऊसतोडीला कारखान्यावर जातात, मुलं आजीजवळ राहतात आणि त्यांचा आधार, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड शेजारच्या कम्प्युटरवाल्या दादाकडेच स्कॅन होतो. वर्षभरात त्या मशीनच्या डाऊनलोड फोल्डरमध्ये अर्ध्या गल्लीची ओळखपत्रं साठलेली असतात.

म्हणून ‘माझ्या संगणकात चोरण्यासारखं आहेच काय?’ हा प्रश्न मला पटत नाही. चोराला दर वेळी तुमच्या खात्यातली शिल्लकच हवी असते असं नाही. दुसऱ्याच्या नावावर सिमकार्ड घ्यायला, खातं उघडायला, कर्जाच्या ॲपवर पैसे उचलायला त्याला कागद लागतात. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो खरा, पण तो सगळ्यांना ठाऊक असलेल्या नियमाने बनतो: नावाची पहिली ४ इंग्रजी अक्षरं, कॅपिटलमध्ये, आणि पुढे जन्मसाल. ज्या फोल्डरमध्ये ही फाइल पडलेली असते, तिथेच त्या माणसाचा शाळा सोडल्याचा दाखलाही असतो. कुलूप आणि किल्ली एकाच खुंटीला टांगल्यासारखं झालं हे. दुसऱ्याचं काम झालं की त्याचे कागद पुसावेत, रीसायकल बिनही रिकामी करावी आणि जिथे चालतो तिथे फक्त शेवटचे ४ अंक दाखवणारा मास्क्ड आधार वापरावा. एवढं केलं तर हल्ला झाला तरी शेजाऱ्यांचं नुकसान टळतं.

आता हल्ला येतो कुठून ते पाहू. ईमेलमधून येणारा व्हायरस जुना आहे, पण त्याची मूळ युक्ती अजून बदललेली नाही. ४ मे २००० रोजी फिलिपिन्समधल्या मनिलातून ‘आय लव्ह यू’ असा विषय लिहिलेली ईमेल निघाली आणि एका दिवसात जगभर पसरली. सोबतच्या फाइलचं नाव होतं ‘लव्ह लेटर फॉर यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस’. विंडोज नावाचा शेवटचा तुकडा लपवत असल्यामुळे लोकांना फक्त ‘डॉट टीएक्सटी’ दिसलं आणि साधं पत्र समजून त्यांनी ते उघडलं. प्रत्यक्षात तो चालू होणारा प्रोग्राम होता. त्याने अ‍ॅड्रेस बुकमधल्या सगळ्यांना तीच ईमेल पाठवली आणि फोटो पुसले.

पाव शतक उलटलं, तरी विंडोज आजही फाइलच्या नावाचा शेवट आपणहून लपवतं. त्यामुळे ‘नोटीस डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ ही फाइल तुम्हाला ‘नोटीस डॉट पीडीएफ’ दिसते, वर पीडीएफचं लाल चित्रही चिकटवलेलं असतं. ही सवय एका मिनिटात मोडता येते. कोणताही फोल्डर उघडा, वरच्या पट्टीत ‘व्ह्यू’ दाबा, विंडोज ११ असेल तर त्यातलं ‘शो’, आणि ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा. यानंतर बहुतेक फाइलींचा खरा शेवट डोळ्यांसमोर राहील, फक्त शॉर्टकटचा एलएनके लपलेलाच राहतो. ईएक्सई, एससीआर, व्हीबीएस, जेएस, बॅट किंवा एलएनके असा शेवट असलेली फाइल ईमेलमधून आली तर ती उघडण्याचं कोणतंही कारण नाही. कुठलंही सरकारी खातं किंवा बँक अशी फाइल पाठवत नाही.

आपल्याकडे येणाऱ्या फसव्या ईमेलचे विषय ठरलेले असतात: जीएसटीची नोटीस, आयकराचा परतावा, अडकलेलं कुरिअर, सोबत जोडलेलं कोटेशन. मोंढ्यातल्या आडतीवर, मेडिकलच्या दुकानात, कर सल्लागाराच्या टेबलावर अशा खऱ्या ईमेलही रोज येत असतात, म्हणून खोटी सहज खपते. तिच्यात दोन गोष्टी बघाव्यात. पहिली पाठवणाऱ्याची. नाव कुणालाही काहीही लिहिता येतं, म्हणून नावावर बोट ठेवून त्यामागचा पत्ता उघडून पाहावा. सरकारी पत्ता ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ने संपतो. बँकांची संकेतस्थळं ओळखू यावीत म्हणून रिझर्व्ह बँकेने त्यांना ‘बँक डॉट इन’ हा वेगळा शेवट दिला आणि तिकडे वळण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत घातली. या शब्दांनी पत्ता संपला पाहिजे. मध्येच कुठेतरी ते आले तर उपयोग नाही. पण पत्ता बरोबर दिसला म्हणून ईमेल खरीच असं मानू नये, कारण पाठवणाऱ्याचा पत्ता बनावट लावता येतो आणि खऱ्या माणसाचं खातं चोरूनही ईमेल पाठवल्या जातात. शंका आली की ईमेलमधल्या लिंकवरून न जाता संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करावा.

दुसरी गोष्ट सोबतच्या झिप फाइलची. झिपला पासवर्ड घातलेला आणि तोच पासवर्ड ईमेलच्या मजकुरात दिलेला असेल तर ती ईमेल तिथेच सोडावी. पासवर्ड घातला की ईमेल सेवेच्या तपासणीला झिपच्या आत डोकावता येत नाही. मग तो पासवर्ड कुणापासून लपवलाय, हे सांगायला नको.

वर्ड आणि एक्सेलच्या फाइलींमध्ये ‘मॅक्रो’ नावाचे छोटे प्रोग्राम असू शकतात. मार्च १९९९ मध्ये ‘मेलिसा’ हा व्हायरस त्यांच्याच आधाराने पसरला होता. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो आपोआप अडवायला मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये सुरुवात केली. आपल्याकडे मात्र कितीतरी संगणकांवर अजून ऑफिस २००७ आहे आणि त्याला ही सोय मिळालेली नाही. तिथे मॅक्रो चालू करायला स्वतः परवानगी द्यायची नाही, एवढाच उपाय उरतो.

अलीकडे एक नवी पद्धत आली आहे आणि ती मला सगळ्यांत घातक वाटते, कारण तिच्यात फाइलसुद्धा उघडावी लागत नाही. एखादा सिनेमा किंवा पुस्तकाची पीडीएफ शोधत तुम्ही एका पानावर जाता. ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ असा चौकोन येतो. चौकोनावर क्लिक केलं की पुढची सूचना येते: विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. विद्यार्थी घाईत असतो, तो सांगितल्याप्रमाणे करतो. क्लिक केलं तेव्हाच त्या पानाने एक आज्ञा गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते. विंडोज आणि आरने आज्ञा द्यायची चौकट उघडते, कंट्रोल-व्हीने ती तिथे उतरते आणि एंटरने चालू होते. अशा आज्ञा बहुतेक वेळा ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि चालू लॉगिन उचलून नेणारे प्रोग्राम बसवतात. त्यांतल्या ‘लुमा’ नावाच्या एकाच प्रोग्रामने १६ मार्च ते १६ मे २०२५ या २ महिन्यांत जगभरातल्या ३ लाख ९४ हजारांहून अधिक विंडोज संगणकांत शिरकाव केल्याचं मायक्रोसॉफ्टने मोजलं. पडद्यावर काही बिघडलेलं दिसत नाही, संगणक नेहमीसारखाच चालतो. कुठलंही खरं संकेतस्थळ तुम्हाला विंडोज आणि आर दाबायला सांगत नाही, हे घरातल्या पोरापोरींना आजच सांगून ठेवा.

पेनड्राइव्हचं दुखणं शहरांत कमी झालं असेल, पण तालुक्याच्या गावात अजून ताजं आहे. झेरॉक्सच्या दुकानातल्या एका मशीनमध्ये दिवसभरात गावातले सगळे पेनड्राइव्ह जाऊन येतात. तिथून घरी आणलेला पेनड्राइव्ह उघडला की आपले फोल्डर दिसतात, फक्त त्यांच्या चित्राच्या कोपऱ्यात एक छोटा बाण असतो. खरे फोल्डर व्हायरसने लपवलेले असतात आणि बाणवाली चित्रं हे शॉर्टकट असतात. त्यावर क्लिक केलं की फोल्डरही उघडतो आणि मागे व्हायरसही चालू होतो, म्हणून शंका येत नाही. पेनड्राइव्ह लावताच प्रोग्राम आपोआप चालू होण्याची जुनी सोय मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये बंद केली, त्यामुळे आता व्हायरसला आपलं क्लिक लागतं. बाण दिसला की क्लिक करू नका, पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून आधी स्कॅन करा. त्याहून चांगलं म्हणजे छापायची पीडीएफ दुकानदाराला ईमेलने पाठवा आणि पेनड्राइव्ह घरीच ठेवा. छापून झाल्यावर दुकानातल्या मशीनवरून ती पुसायला सांगायला लाजू नका.

माझा सर्वांत मोठा आक्षेप मात्र फुकटच्या क्रॅकवर आहे. जुना संगणक ‘फॉरमॅट मारून’ आणला की त्यात क्रॅक केलेलं विंडोज, क्रॅक केलेलं ऑफिस, लग्नपत्रिका करायला कोरलड्रॉ आणि मराठीचे फॉन्ट भरून मिळतात. क्रॅक बसवण्याची पहिली पायरी ठरलेली असते: ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’. ज्या प्रोग्रामला आत येण्यापूर्वी पहारा उठवावा लागतो, त्याच्याबद्दल आणखी कसला पुरावा हवा? ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ या नावाने ओळखला जाणारा खंडणीचा व्हायरस मुख्यतः अशाच क्रॅकमधून पसरला आणि त्याने कंपन्यांपेक्षा घरच्या संगणकांना जास्त छळलं. तो फोटो, पत्रं, हिशेब सगळं सांकेतिक करून टाकतो, प्रत्येक फाइलला विचित्र शेपूट लावतो आणि एक चिठ्ठी सोडतो: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिले तर ४९०. एम्सिसॉफ्ट या कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याच्या १४८ प्रकारांवर फुकट उतारा काढला, पण त्यानंतरच्या प्रकारांतल्या बहुतेक फाइली त्याने सुटत नाहीत.

मराठी टायपिंगसाठी तर क्रॅकची गरजच उरलेली नाही. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट कळफलक आधीपासून आहे आणि मे २०१९ च्या अपडेटपासून रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याचा फोनेटिक कळफलकही आहे. ऑफिससाठी लिब्रे ऑफिस फुकट आणि कायदेशीर आहे. कुठल्यातरी अनोळखी पानावरून ‘मराठी फॉन्ट पॅक’ उतरवण्याची सवय आपण सोडायला हवी.

अपडेटबद्दल लोकांची तक्रार मी समजू शकतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर संगणक चालवायचा आणि अपडेटने दिवसाचा डेटा संपवायचा, हे खटकणारच. तरीही ‘वॉनाक्राय’ या खंडणीच्या व्हायरसचा घटनाक्रम पाहा. तो विंडोजमधल्या ज्या त्रुटीतून शिरला, ती बुजवणारं अपडेट १४ मार्च २०१७ रोजी आलं होतं. हल्ला झाला १२ मे रोजी, म्हणजे जवळपास २ महिन्यांनी. ब्रिटनची सरकारी रुग्णालयं अडली, दीडशे देशांतले संगणक बंद पडले, आपल्या देशात आंध्र प्रदेशातल्या पोलिसांच्या संगणकांनाही फटका बसला. ज्यांनी मार्चमधलं अपडेट घेतलं होतं, त्यांचं विंडोज त्या त्रुटीतून फुटलं नाही. विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले, विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती विंडोज १० साठी सुरक्षेचे वाढीव अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत, पण त्यासाठी सेटिंग्जमध्ये जाऊन नोंदणी करावी लागते. मशीन जुनं असेल आणि विंडोज ११ पेलत नसेल तर लिनक्स मिंट किंवा उबंटू टाकून घ्यावं. अर्ज भरायला, पीडीएफ पाहायला आणि अभ्यासाला ते पुरेसं आहे.

‘अँटीव्हायरस कोणता घ्यावा?’ हा प्रश्न नेहमी येतो. या धंद्यात मराठी माणसाने मोठं काम केलंय, हे इथे सांगितलं पाहिजे. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. पुढे त्यांच्याकडे संगणक येऊ लागले आणि त्यांतल्या कित्येकांचं दुखणं व्हायरसचं निघालं. संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी त्यावर प्रोग्राम लिहिले आणि त्यातून १९९५ च्या सुमारास ‘क्विक हील’ उभं राहिलं. आज मात्र विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा ‘डिफेंडर’ फुकट येतो आणि तो चालू व अपडेटेड असेल तर घराला भागतो. विकत घेतलेला चांगलाच, पण मुदत संपलेला असेल तर त्याच्यावर विसंबणं धोक्याचं. दोन अँटीव्हायरस एकत्र कधीच नकोत, ते एकमेकांना अडवतात. केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’वर संगणक साफ करणारी साधनं फुकट मिळतात, ते केंद्र फेब्रुवारी २०१७ पासून सुरू आहे.

याच्या जोडीला एक सोपी व्यवस्था करावी. संगणकावर दोन खाती ठेवावीत: एक ॲडमिनचं, ज्याचा पासवर्ड घरातल्या एकालाच ठाऊक, आणि एक साधं, ज्यावर सगळ्यांनी रोजचं काम करायचं. साध्या खात्यावर नवा प्रोग्राम बसायला लागला की विंडोज बहुतेक वेळा ॲडमिनचा पासवर्ड मागतं आणि घाईतल्या क्लिकला तिथे थांबा मिळतो. ईमेल आणि बँकेला दुहेरी पडताळणी लावावी. राउटरचा कंपनीचा पासवर्ड बदलावा, दुकानातल्या सीसीटीव्हीचाही.

एवढं सगळं करूनही हल्ला होऊ शकतो, आणि कधी कधी त्यात आपली काहीच चूक नसते. २७ जून २०१७ रोजी उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात एका टर्मिनलचे संगणक बंद पडले आणि कंटेनर जागच्या जागी थांबले. तिथल्या कुणी ईमेल उघडली म्हणून हे घडलं नव्हतं. ‘नॉटपेट्या’ हा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून निघाला होता आणि टर्मिनल चालवणाऱ्या मर्स्क या डॅनिश उद्योगसमूहाच्या जाळ्यातून बंदरापर्यंत पोचला. या समूहाच्या सगळ्या वापरकर्त्यांची नोंद ठेवणारे सर्व्हर ठिकठिकाणी होते आणि ते एकमेकांची नक्कल करत राहायचे. एकमेकांना जोडलेले असल्यामुळेच ते सगळे एकदम पुसले गेले. वाचला फक्त आफ्रिकेतल्या घाना देशातला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो जाळ्यातून तुटलेला होता. त्या एका प्रतीवरून समूहाने पुन्हा जाळं उभं केलं.

परळीत औष्णिक वीजकेंद्र असूनही लोडशेडिंग सोसलेल्या आपल्या जिल्ह्याला हे सहज समजेल. जी प्रत जोडलेली नसते तिच्यापर्यंत व्हायरस पोचत नाही. खंडणीचा व्हायरस संगणकाला लावलेली हार्ड डिस्कही सांकेतिक करतो, म्हणून कायम लावून ठेवलेली डिस्क हा बॅकअप नव्हे. आठवड्यातून एकदा डिस्क लावायची, फोटो, कागद, हिशेब उतरवायचे, काढायची आणि कपाटात ठेवायची. एवढ्याने खंडणी मागणाऱ्याच्या हातातली बरीचशी ताकद जाते. दुसऱ्यांचे कागद मात्र त्या डिस्कवर नेऊ नका. गुगल ड्राइव्हसारखी सोय जोडीला असावी, कारण तिथे फाइलींच्या आधीच्या आवृत्त्या काही काळ राहतात. पण पहिला भरवसा काढून ठेवलेल्या प्रतीवरच.

हल्ला झाल्याची शंका आली तर आधी वायफाय बंद करा किंवा केबल काढा. पासवर्ड त्याच संगणकावरून बदलू नका, दुसऱ्या स्वच्छ फोनवरून बदला आणि सगळीकडून लॉगआउट करा. खंडणी देऊ नका. युरोपोल आणि डच पोलिसांच्या पुढाकाराने २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर आपल्या व्हायरसचा उतारा आहे का ते पाहा. चिठ्ठी, ईमेल, संदेश यांचे फोटो घेतल्याशिवाय काही पुसू नका. पैसे गेले असतील तर बँकेला कळवा आणि त्याच दमात १९३० वर फोन करा. पैसे पुढच्या खात्यातून निघण्याआधी तक्रार पोचली तर ते गोठवता येतात. तक्रार ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’वरही नोंदवता येते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असा नियम घातला होता की, चूक ना बँकेची ना ग्राहकाची अशा फसवणुकीची खबर बँकेकडून संदेश आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत दिली तर ग्राहकावर बोजा पडणार नाही. पासवर्ड किंवा ओटीपी आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं, असंही त्यात होतं.

या साऱ्यात वेळ फार मोलाचा असतो आणि आपल्या घरांत तो एकाच कारणाने वाया जातो: पोरगं बोलणी खाण्याच्या भीतीने सांगत नाही. म्हणून घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा की चुकून क्लिक झालं, संगणक विचित्र वागला, तर त्याच क्षणी सांगायचं आणि त्यासाठी कुणीही रागावणार नाही. आणि तसं झालं तर खरोखरच रागावू नका.